मृत्युपत्रातलं दान : नागपूर आणि सागर

आज भिलाईतून बोलतोय आणि विषय आहे मृत्युपत्रातून केलेलं दान. आपल्याकडे मृत्युपत्राचं नाव काढलं की घरातली माणसं 'अभद्र बोलू नका' म्हणून विषय बदलतात. पण आपल्याच जुन्या प्रांतातल्या दोन नामांकित शिक्षणसंस्थांच्या इतिहासात असे कागद आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. तिथलं विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं. नागपूरजवळच्या कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये ते वारले, तेव्हा मृत्युपत्रातून सुमारे ३५ लाख रुपये या विद्यापीठाला मिळायचे होते. हेतू स्पष्ट होता : उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण. त्या पैशातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ साली, म्हणजे बारा वर्षांनी. देणाऱ्याने तिची एक वीटही पाहिली नाही. पुढे भिलाईचा कारखाना आला. पोलादाला मँगनीज लागतं, हे इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. त्याच मँगनीजच्या कमाईतून रसायनतज्ज्ञ घडवणारी संस्था निघाली.

दुसरं उदाहरण सर हरिसिंग गौर यांचं. मूळ सागरचे, नामवंत कायदेपंडित. रायपूर आणि नागपूरला त्यांनी वकिली केली, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १८ जुलै १९४६ रोजी त्यांनी स्वतःच्या कमाईतले २० लाख रुपये देऊन सागर विद्यापीठ सुरू केलं, स्वतः पहिले कुलगुरू झाले आणि मृत्युपत्राने संपत्तीचा मोठा हिस्साही त्यालाच दिला. २५ डिसेंबर १९४९ रोजी ते गेले. म्हणजे साडेतीन वर्षं दाता आणि संस्था समोरासमोर होते. काय हवं, काय नको, हे विचारायला माणूस हजर होता.

फरक लक्षात घ्या. मृत्युपत्र म्हणजे दान नव्हे, दानाचा शब्द. लिहिणारा हयात असेपर्यंत तो बदलू शकतो, फाडूही शकतो. आणि ज्या दिवशी कागद लागू होतो, त्या दिवसापासून त्याचा अर्थ विचारायला लिहिणारा नसतो. मधली जी वर्षं असतात, तीच संस्थेच्या हातात असतात.

ती वर्षं वाया गेली तर काय होतं, ते स्वीडनमध्ये दिसलं. आल्फ्रेड नोबेल यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये मृत्युपत्रावर सही केली आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. बक्षिसं कोणी द्यायची, त्या संस्थांची नावं कागदावर होती. पण त्या संस्थांना आधी विचारलंच नव्हतं. काही नातेवाईक विरोधात गेले, संस्थाही कचरल्या. पहिली पारितोषिकं द्यायला १९०१ उजाडलं.

म्हणून ज्या संस्थेला कोणी 'तुमचं नाव लिहून ठेवलंय' असं सांगतं, तिचं काम त्याच दिवशी सुरू होतं. पैसे कशासाठी, हे नीट विचारून घ्यावं. ते काम उद्या बंद पडलं तर जवळचं दुसरं कोणतं चालेल, हेही लिहून घ्यावं. मुलाबाळांना माहीत आहे का, हे विचारावं. वारसांना ही गोष्ट तेराव्या दिवशी कळली की भांडण कोर्टात जातं. दोन साक्षीदारांच्या सह्या कायद्याने लागतातच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मसुदा मात्र दात्याच्या स्वतःच्या वकिलानेच करावा, संस्थेच्या नव्हे.

आणि एक नाजूक गोष्ट. अशा माणसाकडे वरचेवर गेलं तर 'हे माझ्या मरणाची वाट बघतायत' असं त्याला वाटू शकतं; गेलंच नाही तर विसरले असं वाटतं. यावर उपाय साधा आहे : पैशाचं बोलू नये, कामाचं दाखवावं. वार्षिक कार्यक्रमाला बोलवावं, मुलं काय शिकतायत ते सांगावं, आजारपणात चौकशी करावी. त्याने उद्या विचार बदलला तरी हे थांबता कामा नये. त्याच्याशी असलेलं नातं कागदापुरतं नव्हतं, हे तेव्हाच सिद्ध होतं.

भिलाईत कारखान्यातून निवृत्त झालेली, मुलं दूरदेशी असलेली कितीतरी मराठी घरं आहेत. लाखोंची इस्टेट नसेल; एक घर असेल, थोड्या ठेवी असतील. लक्ष्मीनारायण यांच्या शब्दाला बारा वर्षं थांबावं लागलं, पण तो पाळला गेला. तुमच्या मंडळाला, वाचनालयाला कोणी असा शब्द दिला असेल, तर तो माणूस आहे तोवर त्याला भेटून या.