गोदाकाठी आलेला जॅझ

मराठवाड्याच्या श्रोत्याला जॅझ प्रिय आहे, असे विधान नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कोणी केले, तर ऐकणारा ते तत्काळ नाकारील. आणि तरीही त्याच माणसाच्या घरी दोन पिढ्या जी चित्रपटगीते गुणगुणली गेली, वरातीपुढे बँडवाल्यांनी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर जी वाजविली, त्यांतील कित्येकांच्या लयीत आणि वाद्यमेळात न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या त्या संगीताचा अंश आहे, ही गोष्ट इतिहासाने सिद्ध होण्यासारखी आहे.

हा अंश येथवर यावयास लागलेला वळसा लहान नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत ही दोन्ही गावे निजामी अंमलाखाली होती. नाणे हाली, दप्तर उर्दू, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. नांदेडकराने मुंबईस जावयाचे ठरविले तर मीटरगेजने मनमाड गाठून तेथे गाडी बदलावी, आणि लातूरकराने बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून कुर्डूवाडीपर्यंत जाऊन पुढची वाट धरावी, असा तो प्रवास. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यगृहात रात्री काय वाजते, याच्याशी या मुलखाचा संबंध कोणत्या वाटेने यावा?

ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबे हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन आला, आणि त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादकही मुंबईत वाजवून गेला. त्यांचे खरे शिष्यत्व पत्करले ते गोव्याच्या मुलांनी. चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या गावोगावच्या संगीतशाळांतून स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन धरण्याचे शिक्षण त्यांना बाळपणीच मिळालेले असे. पोटासाठी ते मुंबईत आले तेव्हा कागदावरचे संगीत त्यांना अवगत होते, आणि कागदावर न उतरणारे जे होते ते त्यांनी या पाहुण्यांकडून कानाने उचलले. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ हा त्यांतील अग्रणी. चिक चॉकलेट या नावाने तो विख्यात झाला, आणि त्याच्या ट्रम्पेटमुळे त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील नृत्यसंगीताला ओहोटी लागली, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत रोजच्या बिदागीवर वाजविणे हा या कलावंतांचा मुख्य चरितार्थ होऊन बसला.

तेथे त्यांची गाठ पडली रामचंद्र नरहर चितळकर या मराठी माणसाशी. सी. रामचंद्रांचा जन्म १९१८ सालचा, पुणतांब्याचा. म्हणजे ज्या गोदावरीच्या काठी पुढे खाली नांदेड वसले आहे, त्याच गोदावरीच्या काठचा. चाल त्यांची असे, आणि त्या चालीला वाद्यांचा साज चढवावयास चिक चॉकलेटसारखे सहायक असत. ‘अलबेला’च्या एका गाण्यात तर हा ट्रम्पेटवादक झालरीच्या बाह्यांचा पोशाख घालून आपल्या साथीदारांसह पडद्यावरच अवतरतो. माझ्या मते मराठवाड्यात जॅझचा खरा प्रवेश झाला तो या चित्रपटाने. आणि तो ज्यांनी घडविला त्या गोमंतकीय वादकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा नसत, याचे शल्य आजही बोचते.

हे संगीत घरोघर पोचविण्याचे काम मात्र आकाशवाणीने केले नाही. १९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले, आणि शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी चित्रपटगीतांवर निर्बंध घातले. परिणाम असा झाला की श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले, आणि बुधवारी रात्री अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकणे हा एक नेमच होऊन गेला. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा सरकारने त्या लोकरुचीला एक प्रकारे मान्यताच दिली. केसकरांचा हेतू शुद्ध होता. परंतु ज्या गायनाच्या रक्षणासाठी त्यांनी हा हुकूम काढला, त्या गायनाचा आणि जॅझचा स्वभाव परस्परांस किती जवळचा आहे, हे त्या काळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ते ध्यानी आणून देणारी ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली: शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. यांतील शंकर हे हैदराबादेत वाढलेले. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, आणि एका तबकडीत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँमल्हार आदी अकरा राग. प्रत्येक राग चार-दोन मिनिटांत आटोपतो, हे मला उणे वाटते. रागाला जी फुरसत लागते ती येथे नाही. पण सतारीने टाकलेली जागा सॅक्सोफोन उचलतो आणि स्वतःची उपज करून परत देतो, तेव्हा बैठकीत बसून जुगलबंदी ऐकलेल्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नाही.

आणि ज्याला येथून पुढे जावयाचे असेल, त्याने माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकावी. जगभरचे रसिक तिला जॅझमधील अग्रपूजेचा मान देतात, आणि आपल्या श्रोत्याला तर ती ऐकण्याची पूर्वतयारी घरच्या घरीच झालेली असते. तिच्यातील पहिली रचना पियानो आणि मोठ्या तंतुवाद्याच्या, म्हणजे डबल बासच्या, ताल नसलेल्या संथ आलापीने उघडते; मग तो बास खर्जातून एक वाक्य उच्चारतो आणि इतर वाद्ये दोन स्वरसमूहांत त्याला रुकार देतात. यात सूर लागतात ते कोमल गंधार आणि कोमल निषाद, बाकीचे शुद्ध. म्हणजे आपल्या काफी थाटाचेच, ज्यात होळीची गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. सोळा आवर्तने त्याच सुरांत राहून षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो, तेथे आठ आवर्तने थांबतो, आणि शेवटच्या आठ आवर्तनांसाठी मूळ जागी परततो. या बत्तीस आवर्तनांच्या चौकटीत माइल्स, मग जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो, असे एकेक जण आपले म्हणणे मांडतात. माइल्स थोडे स्वर घेतो आणि त्यांच्या मधल्या जागा मोकळ्या सोडतो; कोल्ट्रेन तानांमागून ताना घेतो; आणि चौकट एकच असूनही कोणाची उपज दुसऱ्यासारखी होत नाही, याच आनंदासाठी श्रोते ती तबकडी पुनःपुन्हा लावतात.