रुमालात बांधलेली जाहिरात

दफ्तर हा शब्द मुळात कातड्याचा. ग्रीक लोक 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेल्या कातड्यावर लिहीत. तोच शब्द फारसीतून मराठी कचेरीत आला आणि पुढे 'फ'चा 'प' होऊन पोरांच्या पाठीवर लटकला. कागद बांधायला मात्र कापड लागे, ते म्हणजे रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांतच मोजले जातात.

आष्टी (शहीद) हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अशा गावच्या तहसील कचेरीत कागद आला की आधी आवक-जावक नोंदवही: कुणाकडून, कुणाला, कधी. प्रकरण निकाली निघालं की त्याचा वर्ग ठरतो. 'अ' कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क-१' १० वर्षांचा, 'क' पाचाचा. 'ड' वर्गाचं आयुष्य वर्षभराचं, मग रद्दी.

जाहिरातीच्या पत्रकाला या उतरंडीत कुणी 'ड'सुद्धा दिला नसता. वाचायची, पुडी बांधायची.

ई-मेल आल्यावर हिशेब बदलला. २००२ साली अमेरिकेत पाच दलाली कंपन्यांना मिळून ८२ लाख ५० हजार डॉलर दंड झाला. कारण कामकाजाच्या ई-मेल जपल्या नव्हत्या. काहींनी तर बॅकअपच्या टेपांवर पुन्हा नवा मजकूर चढवला होता! आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७ वं कलम म्हणतं, की जपून ठेवायची नोंद कुठून निघाली, कुठे पोचली, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे कळलं पाहिजे. म्हणजे आवक-जावकच, फक्त वहीला रकाने आखायचे नाहीत.

मग ५ एप्रिल २०२३ रोजी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या सेबीनं गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषकांसाठी जाहिरात संहिता काढली. भिंतीवरच्या फलकापासून ई-मेलपर्यंत सगळं तिच्यात येतं. 'सर्वोत्तम', 'नंबर १' असली बिरुदं बंद, आणि प्रत्येक जाहिरातीची प्रत पाच वर्षं जपायची. उद्या कुणी 'तुम्ही खात्रीचा नफा कबूल केला होता' म्हणून तक्रार घेऊन आला, तर शब्दाला शब्द न वाढवता कागदच समोर ठेवता यावा!

आष्टीतला कापूस उत्पादक अशी मेल अंगठ्यानं उडवतो. सल्लागाराकडे तिची प्रत मात्र 'क' वर्गाच्या कागदाइतकी मुदत भरत बसते.