उभ्या वाहनाची राखण : पागेतल्या घोड्यापासून माणगावच्या मोटरसायकलीपर्यंत

माणगावच्या रेल्वे स्थानकाबाहेर सकाळी दुचाक्यांची रांग लागते. आसपासच्या गावांतून माणसे येतात, गाडी उभी करतात, हँडलला कुलूप घालतात आणि दिवसभरासाठी निघून जातात. अशा उभ्या गाडीची चोरी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात गाडीच नाहीशी होते. दुसऱ्या प्रकारात गाडी जागेवर असते, पण तिची बॅटरी, आरसा किंवा टाकीतले पेट्रोल नसते. आजचा धागा या दुसऱ्या चोरीचा.

(हे माणगाव रायगड जिल्ह्यातले. १९२० च्या परिषदेचे माणगाव कोल्हापूरकडचे आणि टेंबे स्वामींचे सिंधुदुर्गातले. दर वेळी विचारणा होते, म्हणून आधीच सांगितले.)

रायगड येथून जवळच आहे, तेव्हा आरंभ घोड्यापासून करू. शिवकालीन घोडदळात स्वार दोन प्रकारचे होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे. घोडा गेला तर शिलेदाराची उपजीविकाच गेली. या हिशेबाने स्थानकाबाहेर गाडी लावून जाणारा आजचा चाकरमानी शिलेदारच म्हणावा लागेल, कारण त्याच्या वाहनाची झीज, दुरुस्ती आणि चोरी सारे त्याच्याच खिशातून भागते.

पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत (१६९७) आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. स्वारीला निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करायची आणि परतल्यावर तिच्याशी ताडून पाहायचे, असाही नियम बखरकार सांगतो. हेतू लुटीचा माल सरकारजमा व्हावा हा होता, चोरी रोखण्याचा नव्हे. पण निघताना काय होते हे लिहून ठेवल्यावाचून परतल्यावर काय कमी-जास्त झाले हे सांगता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पावसाळ्यात मुक्कामी असलेल्या घोड्यांची ती काळजी आहे. दाणावैरण बेताने वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. पत्राची थोरवी रयतेच्या काळजीत आहे हे खरेच. मला मात्र त्यातली दुसरी जाणीवही तितकीच मोलाची वाटते. चालत्या वाहनापेक्षा उभे वाहन अधिक असहाय असते.

घोडा ओळखायचा कसा, याचे उत्तर उत्तरेत आधीच निघाले होते. अलाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) घोड्यांना डाग देण्याची आणि त्यांचे वर्णन नोंदवण्याची पद्धत चालवली. पुढे शेरशहा आणि अकबर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवून नंतर मरतुकडा उभा करणाऱ्या सरदारांना त्यामुळे चाप बसला. डागलेला घोडा परका म्हणून खपवणेही अवघड झाले. घोड्याचे बाकी सारे अंग एकसंध असल्याने एक खूण पुरत असे. पाय सोडवून वेगळा विकता येत नव्हता.

मोटरसायकल मात्र सुटी होते, आणि येथेच जुनी युक्ती अपुरी पडते.

मोटारींसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यामागून १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा आला. आज नोंदणी प्रमाणपत्रावर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतात. आधुनिक वाहनाचे हे दोन डाग. बाकीचे शेकडो भाग निनावी. एका गाडीची बॅटरी दुसरीत बसली की ती मूळ कोणाची हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

कोणता भाग चोरीला जाईल, हे मुख्यतः टंचाई ठरवते. बजाज चेतक १९७२ साली आली, तेव्हा परवाना राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. सुट्या भागांनाही मोल होते, आणि सर्वांत सोपे सावज म्हणजे स्टेपनी. (हा शब्द वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा मांडला. तिकडे तो जवळजवळ विसरला गेला, आपल्याकडे टिकला.) स्टेपनीच्या नटावर कुलूप बसवणे तेव्हा सर्रास होते. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि तिच्या मूळ भागांना पुन्हा तशीच किंमत आली. सायलेन्सरचे तर मोलच पालटले. प्रदूषण रोखण्यासाठी त्यात बसवलेल्या उत्प्रेरकात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या अलीकडे महाराष्ट्रात पकडल्या गेल्या, त्या याच धातूंसाठी.

आता कायद्याकडे पाहा. १८६० च्या दंड संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कायम आहे, पण एक नवी तरतूद आली. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल वा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. इतक्या कमी किमतीची चोरी अदखलपात्रही ठरते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. लहान चोरास तुरुंगात न डांबण्याचा विचार मला योग्य वाटतो. परंतु आरसा, बॅटरी, टाकीतले पेट्रोल हे बहुधा या रेषेखालीच येतात. विम्याचेही तसेच. दुचाकीच्या प्रमाणित करारात, गाडी सोबत चोरीला गेली नसेल तर नुसत्या जोडसाहित्याच्या चोरीची भरपाई नसते.

म्हणजे राखण पुन्हा शिलेदाराकडेच आली.

राज्यसंस्थेने तिसरा डाग दिला तो नंबरप्लेटला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. तिच्यावर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तिचे लॉक तोडल्यावाचून ती निघत नाही. हाच न्याय मालक इतर भागांना लावू शकतो. बॅटरीच्या कवचावर, आरशाच्या पाठीवर, सायलेन्सरच्या आतल्या बाजूस गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा. कोरलेला माल भंगारवाला घेणारच नाही असे नाही, पण भाव पाडून मागेल, आणि चोराचा हिशेब तिथे बिघडतो. मग सभासदाच्या यादीप्रमाणे प्रत्येक भागाचे छायाचित्र आणि खरेदीची पावती जपावी. माल सापडला तर तो आपला आहे हे दाखवायला दुसरे काही नसते.

उरलेले काम पान्याचे. बॅटरीची बाजू भिंतीकडे करून गाडी लावावी. उघड्या जागचे बोल्ट बदलून विशेष किल्लीनेच फिरणारे बसवावेत. ॲलन बोल्टच्या षट्कोनी खळग्यात बेअरिंगची बारीक गोळी ठोकून वर मेण भरले तर नेहमीची किल्ली आत जात नाही, आणि खर्च नगण्य. फक्त पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना मेस्त्रीला हे आधी सांगावे. नाहीतर तो चोराआधी तुम्हालाच शिव्या देईल.