ईशु-पिता: पवनारच्या एका नावाची कुळकथा

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठावर, विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथे आणि सर्वोदयाच्या कित्येक शिबिरांत, शाळांत त्यांनी गुंफलेली नाममाला म्हटली जाते. नारायण, बुद्ध, मज्द, रहीम, ताओ, अकाल अशी देशोदेशीची नावं तिच्यात एकाच ‘तू’पुढे उभी केलेली आहेत. ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला आलंय ‘ईशु-पिता’. म्हणणारा चालीच्या ओघात पुढे निघून जातो. पण मधल्या त्या आडव्या रेघेत ख्रिस्ती जगातलं फार जुनं भांडण दडलेलं आहे.

शाळेतल्यासारखा समास सोडवून पाहावा. षष्ठी तत्पुरुष घेतला तर ‘ईशूचा पिता’. म्हणजे हाक फक्त पित्याला. ईशू त्याचा पुत्र, देव नव्हे, असंही कुणी म्हणू शकेल. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियसने जवळपास हेच म्हटलं होतं: पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला; तो नव्हता असाही एक क्षण होता. त्यावर ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकाया इथे बिशपांची परिषद बोलावली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय झाला. निर्णय झाला, भांडण मिटलं नाही. निकायाची बाजू लढवणाऱ्या अथानेशियसला पुढे पाच वेळा परागंदा व्हावं लागलं.

कर्मधारय घेतला तर ‘ईशू हाच पिता’. हे तिसऱ्या शतकातल्या सबेलियसचं मत, देव एकच आणि त्याची सोंगं तीन. चर्चने तेही नाकारलं. उरला द्वंद्व, ‘ईशू आणि पिता’. त्याला नाममालेतच आधार सापडतो, कारण राम-कृष्ण अशी जोडी तिच्यात आहे. पण ख्रिस्ती त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मिळून एकच देव, आणि द्वंद्वात पवित्र आत्मा गळतो. आत्म्याचं देवत्व न मानणारेही चौथ्या शतकात होते आणि ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यांना बाहेरची वाट दाखवली. थोडक्यात, कोणताही विग्रह केला तरी कुठलं ना कुठलं जुनं पाखंड दाराशी हजर.

मराठीने त्रैक्याचा संसार सुरू केला तो मात्र अगदी सनातनी थाटात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघालं. आरंभीचं नमन पुराणाच्या रीतीचं, पण पिता, पुत्र आणि आत्मा यांना.

खटका उडाला दोन शतकांनी, आणि तोही बंगालात. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या वचनांचं पुस्तक काढलं, त्यातून चमत्कार वगळले. श्रीरामपूरचे मिशनरी खवळले. विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहनांबरोबर नव्या कराराचं बंगाली भाषांतर करत होता. योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका ग्रीक अव्ययापाशी गाडी अडली: सृष्टी पुत्राने केली की पुत्राच्या द्वारे झाली? वाद घालता घालता अ‍ॅडमच एकेश्वरवादी होऊन बसला. पहिल्या आदमासारखाच हाही पतन पावला, अशी चेष्टा त्याच्या वाट्याला आली.

महाराष्ट्रात हाच प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला तो एका बाईने. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षांनी त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना लिहीत होत्या की ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य आपल्या बुद्धीला पटत नाही. बीलबाईंनी प्रश्नाला प्रश्न मानून उत्तरं दिली. जेराल्डीनना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंचं उत्तर सडेतोड होतं. भटजींचं जू मोठ्या कष्टाने फेकून दिलं ते दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला नव्हे. क्रुसावरचा मजकूर लॅटिनऐवजी संस्कृतात का नको, यावरूनही त्या भांडल्या. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने काढला. तो वाचताना धर्मांतर म्हणजे डोळे मिटून पत्करलेली शरणागती हा समज टिकत नाही. मात्र १९०५ साली याच रमाबाईंचं केडगावचं मुक्ती सदन गाजलं ते पवित्र आत्म्याच्या संचाराने उसळलेल्या प्रार्थनांमुळे. आता यात विसंगती पाहायची की प्रवास, हे ज्याने त्याने ठरवावं.

प्रार्थना समाजाची वाट आधीपासूनच एकेश्वरी होती. समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले तेही त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर.

वर्ध्यात हा धागा दोन अंगांनी आला. गांधीजी एप्रिल १९३६मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. येशू हाच देवाचा एकुलता एक पुत्र हे आपल्याला पटत नाही; देवाला पुत्र असतील तर आपण सगळेच त्याचे पुत्र, असं त्यांनी आत्मकथेत आधीच लिहून ठेवलं होतं. दुसरीकडे मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा, तंजावरच्या ख्रिस्ती घरातले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूचं आचरण आणि शिकवण यांवर पुस्तक लिहिलं. राममोहनांच्या पुस्तकाच्या नावात फक्त वचनं होती. कुमारप्पांनी आचरण जोडलं, तेही आधी. मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, पाठ म्हणणारा ख्रिस्ती आणि येशूसारखा जगणारा ख्रिस्ती यांत त्यांचा कौल कुणाला, हे निराळं सांगायला नको.

सेवाग्रामच्या प्रार्थनेत बौद्ध मंत्र, कुराणातला फातिहा, पारशी गाथा असं एकेक येऊन मिळत गेलं. विनोबांनी बायबलमधून निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढलं. त्यांची नाममाला याच वातावरणातली.

समासाचा एक विग्रह राहिलाच, मध्यमपदलोपी: ‘ईशूने हाक मारायला शिकवलेला पिता’. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत संबोधन फक्त पित्याला आहे. पुत्राचं वा आत्म्याचं नाव तिच्यात येत नाही. एरियसचे अनुयायी आणि अथानेशियसचे अनुयायी, दोघेही तीच म्हणत.