दीड इंच मातीत

हार्वी मिल्कचा चेहरा दीड इंच मातीत मावत नाही. नाकाचा उंचवटा केला की भाजताना नेमकी तिथेच चीर जाते. हसू कोरलं तर वाळेपर्यंत ते आक्रसतं आणि भलताच कोणीतरी रागावून आपल्याकडे बघतो आहे असं वाटतं. तलासरीत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने चार वेळा करून पाहिलं. ती मातीची कानातली करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विकते. ही ऑर्डर वापीला कंपनीत जाणाऱ्या, पण तलासरीच्याच एका मुलाची होती. त्याने मिल्कचा फोटो पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं: ‘याचं कानातलं. जोड पाहिजे.’

पाचव्यांदा माती मळायच्या आधी तिने मला विचारलं, “दादा, पण हा आहे कोण?”

मी सांगितलं ते असं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा माणूस. आपण समलिंगी आहोत हे न लपवता निवडणूक लढला, बऱ्याचदा हरला आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये तिथल्या नगर मंडळावर निवडून आला. आपल्याकडच्या नगरसेवकासारखंच पद. एकच गोष्ट तो लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला: लपू नका, घरी सांगा, शेजाऱ्याला सांगा. २५ जून १९७८ रोजी त्याच शहरात गिल्बर्ट बेकरने केलेला इंद्रधनुषी झेंडा पहिल्यांदा फडकला. तेव्हा त्यात सहा नाही, आठ रंग होते. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला मिल्क आणि शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना एका माजी सहकाऱ्याने सिटी हॉलमध्ये गोळ्या घातल्या.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि आपल्याकडचं?”

हा प्रश्न सोपा वाटतो, पण तसा नाही. आपल्याकडे मिल्कसारखी मतपेटीतून निघालेली गोष्ट नाही. आपल्याकडचा इतिहास छापील कागदाचा आहे. मासिकं, पुस्तकं आणि कोर्टातले कागद.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांवरचेही आले, ते सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला आणि मासिक चालूच राहिलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो तो शेवटचा भाग. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची गोष्ट घेऊन. १९८६ मध्ये अशोक राव कवी या मुंबईच्या पत्रकाराने एका इंग्रजी मासिकात स्वतःविषयी उघड बोलून टाकलं. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभी राहिली.

पण तलासरीच्या मुलासाठी मला वाटतं बिंदुमाधव खिरे जास्त जवळचे. त्यांनी २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक’ ट्रस्ट सुरू केली. नाव बघा. सम आणि पथिक. त्यात आजार नाही, गुन्हा नाही, बरोबरीने चालणारा माणूस आहे. पुढे त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आली. ‘मनाचिये गुंती’मध्ये त्यांनी आईवडिलांची, नातेवाइकांची मनोगतं गोळा केली. २०११ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. मोर्चाचे फोटो सगळे शेअर करतात, पण माझ्या मते खिऱ्यांचं मोठं काम पुस्तकांचं. इंग्रजीत ‘गे’ म्हणणं एक आणि आईला समजेल अशा मराठीत वाक्य पूर्ण करणं दुसरं. ज्याच्याकडे स्वतःसाठी फक्त शिवीच उपलब्ध आहे, त्याने घरी सांगायचं तरी कशात?

एवढं ऐकून बहिणीने मोबाइल बाजूला ठेवला. “चेहरा नकोच,” म्हणाली. “खूण करू.”

खूण म्हटल्यावर त्रिकोण आला. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे, टोक खाली. जर्मनीत त्यासाठी कायदा आधीपासून होता: १८७१ चं कलम १७५. आपलं ३७७ त्याहून अकरा वर्षांनी जुनं, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. छावण्या उघडल्या तरी कलम १७५ संपलं नाही, ते पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात, १९७० च्या दशकात, चळवळीतल्या लोकांनी तोच त्रिकोण स्वतःहून छातीवर लावायला सुरुवात केली. १९८७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या प्रश्नावर लढणाऱ्यांनी तो उलटा केला, टोक वर.

आता डहाणू-तलासरीच्या कुठल्याही भिंतीवरचा वारली माणूस आठवा. वरचा त्रिकोण टोक खाली, खालचा टोक वर, दोन्ही टोकांना टोक लावून उभे. बाई आणि पुरुष दोघांचं अंग सारखंच, बाईला फक्त अंबाडा जास्त. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी हाच माणूस जगभर नेला आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली.

इथे थांबून एक सांगायला हवं. यावरून ‘वारली समाजात पूर्वीपासून हे सगळं मान्य होतं’ असली पोस्ट कृपया करू नका. चित्रातल्या त्रिकोणावरून माणसांची मनं वाचता येत नाहीत. लग्नाचा देवचौक तर कानातल्यावर मुळीच नको, असं मी बहिणीला बजावलं. तो सवाशिणींनी लिहायचा असतो, धवलेरीच्या गाण्यांसोबत, आणि त्याच्या आत पालघाट देवी बसते. ती म्हणाली, “ते मला सांगू नकोस, मी इथेच राहते.” बरोबर आहे तिचं.

म्हणून नुसता माणूस केला. अंबाडा नाही. माती चाळून, मळून, लाटून, वितळलेल्या मेणबत्तीच्या डब्याच्या पत्र्याने त्रिकोण कापले. भोक अर्धवट वाळल्यावरच पाडायचं, ओल्यात पाडलं तर कडा वर येतात आणि सुक्यात पाडलं तर तुकडा पडतो. सावलीत आठवडाभर वाळवलं. घाईने आवीत घातलेला ओला मणी बंदुकीच्या बारासारखा फुटतो आणि शेजारचे चार घेऊन जातो. गोवऱ्या आणि भाताचं तूस. हवा खेळती राहिली की माती लाल होते, धूर कोंडला की काळी. एक जोड लाल निघाली, एक काळी.

तो मुलगा घ्यायला आला तेव्हा मी तिथे होतो. तो एकच कानात घालून बघत होता. कोणी विचारलं तर भिकबाळी म्हणेन, असं हसत म्हणाला. तसं पाहिलं तर पेशव्यांच्या मुलखात पुरुषाच्या कानातल्याला कोणी कधी अडवलं नव्हतं, प्रश्न अर्थाचा आहे. तलासरीला रेल्वे नाही. डहाणूपर्यंत मुंबईची लोकल २०१३ च्या एप्रिलमध्ये आली, तेव्हा तो शाळेत होता. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि ३७७ पुन्हा लागू झालं. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते निघालं. लग्नाची मागणी ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली गेली. हे सगळं त्याला तारखांसकट पाठ आहे. घरी मात्र अजून माहीत नाही. वापीहून येताना अच्छाडचा नाका गेला की कानातलं काढून पाकिटात ठेवतो, असं त्यानेच सांगितलं.

बहिणीने लाल जोड पालथी करून त्याला दाखवली. मागच्या बाजूला, मानेकडे येते तिथे, तिने भाजायच्या आधीच सुईने कोरलं होतं: एकावर १९९०, दुसऱ्यावर २००२. त्याने दोन्ही आकडे वाचले, मिल्कचं साल कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, त्याचं वेगळं करावं लागेल, साठ रुपये. मग त्याने हूक बदलून मागितले. पितळेने त्याच्या कानाला पुरळ येतं. तिने पक्कड घेतली आणि स्टीलचे लावून दिले.