बोटीवरची बख्शीश

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की वर्गशिक्षिकेच्या टेबलाला तलाठ्याच्या कचेरीची कळा येते. कुणाच्या रेशनकार्डावर जन्मसाल चुकलेले, तर कुणाच्या आधारकार्डावर वडिलांचे नाव अर्धेच. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत आठवीतल्या एका मुलाची आई माझ्यासमोर एक कागद धरून उभी राहिली. नवरा परदेशी क्रूझ बोटीवर, लॉन्ड्रीत. त्याच्या कराराचा तो कागद होता. मूळ पगाराचा आकडा एका ओळीत आणि 'ग्रॅच्युइटीतील वाटा' दुसऱ्या ओळीत. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्त होताना मिळणारी रक्कम. बोटीवर मात्र टिपलाच ग्रॅच्युइटी म्हणतात. तिने विचारले, "टीचर, उत्पन्नात नुसता पगार धरायचा की बख्शीशपण?"

प्रश्न साधा नव्हता. नुसता पगार धरला तर मुलगा उत्पन्नाच्या मर्यादेत बसत होता. दोन्ही धरले तर बाद. मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितले आणि त्या निमित्ताने या बख्शिशीच्या इतिहासात शिरले.

आधी शब्दच पाहू. मराठीत बक्षीस म्हणजे स्नेहसंमेलनात पहिल्या आलेल्याला मिळते ते. नोंदणी कचेरीत बक्षीसपत्र होते, तेही मानाचेच. पण हा शब्द फारसीतून आलेला, आणि उर्दूत 'बख्शना' याचा अर्थ देणे असा आहे तसाच माफ करणे असाही आहे. मयत माणसाचे नाव निघाले की आपण 'अल्लाह बख्शे' म्हणतो ते याच अर्थाने. म्हणजे बख्शणारा वर आणि घेणारा खाली. दिले तर उपकार, नाही दिले तर तक्रार कुठे करणार? याउलट 'उजरत' हा शब्द. उजरत म्हणजे कामाचे ठरलेले मोल. ती देणाऱ्याच्या मर्जीवर नसते, मागणाऱ्याचा तो हक्क असतो. बोटीवरच्या टिपेचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा आहे, असे मला वाटते.

युरोपात ही ओढाताण जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये श्रीमंताघरी पाहुणा गेला की निघताना दारापाशी नोकरांची रांग हात पुढे करून उभी असे, आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. मालकही नोकरांचे पगार त्याच हिशेबाने कमी ठेवत. जोनास हॅनवे या व्यापाऱ्याने १७६० मध्ये या चालीविरुद्ध लेखन केले. (हाच तो हॅनवे, लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन फिरल्याबद्दल ज्याची टिंगल झाली.) चाल बंद करण्याचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा नोकरांनीच दंगा केला. आज हे विचित्र वाटेल. पण पगार न वाढवता बख्शीश तेवढी बंद केली तर नोकराने दुसरे काय करायचे?

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि ही चाल समुद्रावर गेली. इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी माणसांच्या मुलखाप्रमाणे होती. डेकवर गुजरातकडचे आणि रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल. खाली इंजिनात कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण. सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाखाणाला आणि खोल्यांना, गोव्याचे ख्रिस्ती. मुंबईत धोबीतलाव भागात त्यांच्या गावागावांचे कुड होते, तिथे ते पुढच्या बोटीची वाट पाहत राहत. हिंदी खलाशांना गोऱ्या खलाशांच्या पगाराचा तिसरा-चौथा हिस्साच मिळे. त्यातही एक भेद होता. सलूनवाल्याला प्रवासी ओळखत असे, त्यामुळे प्रवास संपताना त्याच्या हातात काही पडे. डेक धुणाऱ्या रत्नागिरीच्या खलाशाला आणि भट्टीपुढच्या पठाणाला कोण ओळखणार? बख्शीश श्रमाला मिळत नाही, दिसण्याला मिळते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

अटलांटिकवरच्या बोटींत गोरे स्टुअर्डही याच चाकोरीत होते. 'टायटॅनिक'वरच्या स्टुअर्डचा पगार महिन्याला सुमारे पावणेचार पौंड होता. घर चालायचे ते टिपेवर, आणि टिप देण्याची रीत प्रवासाच्या शेवटी. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडाले. बुडाले त्या वेळेपासून कर्मचाऱ्यांचा पगारही थांबला, कारण जहाज नाही तर नोकरी नाही. जे वाचले त्यांचा पगार चार-पाच दिवसांचा, आणि टिपेचा तर प्रश्नच नव्हता. त्या जहाजावरच्या श्रीमंत प्रवाशांविषयी आपण सिनेमात खूप पाहिले. हा हिशेब कुणी दाखवत नाही.

अमेरिकेत या प्रथेला गुलामीची किनार होती. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांची पुलमन कंपनी १८६७ मध्ये निघाली आणि तिने पोर्टर म्हणून गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे लोक घेतले. पगार तुटपुंजा ठेवला, बाकीचे प्रवासी देतील म्हणून. प्रवासी त्यांना नाव विचारत नसत. मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रत्येक पोर्टर 'जॉर्ज'. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना झाली. तिच्या मागण्यांमध्ये टिपेवर जगावे लागू नये इतका पगार ही प्रमुख मागणी होती. कंपनी आमचा पगार प्रवाशांच्या खिशातून वसूल करते, ही तक्रार घेऊन ते सरकारी आयोगापुढे गेले. १९२८ मध्ये आयोगाने हा विषय आमच्या अधिकारात नाही असे सांगून हात झटकले. कंपनीबरोबर करार व्हायला १९३७ साल उजाडले. टिप घेणाऱ्यांनीच टिप नको, उजरत द्या म्हणावे, हा या इतिहासातला मोठा प्रसंग आहे.

१९५८ नंतर जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटींचा धंदा बसला. मग बोटीने कुठे पोहोचायचे नाही, नुसते फिरायचे, हा नवा धंदा उभा राहिला. १९६६ मध्ये मायामीहून 'सनवर्ड' बोट कॅरिबियन बेटांकडे जाऊ लागली. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन आणि १९७२ मध्ये कार्निव्हल या कंपन्या निघाल्या. कचेऱ्या मायामीत, प्रवासी अमेरिकन, पण बोटींवर झेंडा पनामा, लायबेरिया नाहीतर बहामाचा. झेंड्याची ही युक्ती जुनीच. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा १९२२ मध्ये दोन अमेरिकन प्रवासी बोटी पनामाच्या झेंड्याखाली गेल्या, बोटीवर दारू विकता यावी म्हणून. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, झेंडे राहिले. कारण परक्या झेंड्याच्या बोटीवरील खलाशाला अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही.

आता त्या मुलाच्या थोरल्या चुलत्यांची गोष्ट. तेही बोटीवरच होते, वेटर. १९९० च्या सुमारास गेले आणि बारा-तेरा वर्षे राहिले. महिन्याचा पगार पन्नास डॉलर. ते आकडा सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला शून्य राहून गेले असे वाटते. पण त्या काळी अमेरिकन क्रूझ बोटींवर वेटरचा पगार खरोखरच एवढा असे. प्रवाशांना टेबल ठरवून दिलेले, वेटर ठरलेला. सात रात्री तोच वेटर, तीच माणसे. तो त्यांच्या मुलांची नावे पाठ करी, आजीला कोणते सूप चालत नाही हे लक्षात ठेवी. शेवटच्या रात्री लिफाफे वाटले जात. खोलीच्या स्टुअर्डचा एक, वेटरचा एक, त्याच्या मदतनिसाचा एक, हेडवेटरचा एक. चुलते म्हणतात, "लिफाफा हातात घेताना त्याच्या वजनावरून नाही, देणाऱ्याच्या नजरेवरून कळायचे." आणि काही टेबले शेवटच्या रात्री रिकामीच राहायची. सहा रात्री पोटभर जेवलेली माणसे सातव्या रात्री दुसरीकडे जेवायची, लिफाफा द्यावा लागू नये म्हणून.

लिफाफ्यातले सगळे त्यांचे नसे. स्वच्छ काटे-चमचे वेळेवर हवेत तर भांडीवाल्याला काही द्या, गरम प्लेट आधी हवी तर आत स्वयंपाकघरात काही द्या. बख्शिशीखाली दुसरी बख्शीश. तरीही त्यांचे माडीचे घर त्या लिफाफ्यांवरच उभे राहिले, आणि त्यांना तो काळ सोन्याचा वाटतो. "आमचा ग्राहक आमचा होता," असे ते म्हणतात.

हे मोडले ते एका वेगळ्याच कारणाने. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेले टेबल आणि ठरलेली वेळ बंद केली. कुठेही जेवा, केव्हाही जेवा. प्रवाशांना हे आवडले, पण मग रोज वेगळा वेटर. शेवटच्या रात्री लिफाफा द्यायचा कुणाला? तेव्हा माणशी दररोज दहा डॉलरच्या आसपास रक्कम सरळ बिलात लावली जाऊ लागली. इतर कंपन्या मागोमाग आल्या. हॉलंड अमेरिका लाइन १९७० च्या दशकापासून 'टिप देणे आवश्यक नाही' असे मिरवत असे. तिनेही २००४ मध्ये रोजची रक्कम लावली. रॉयल कॅरिबियनने २०१३ मध्ये. आज मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ही रक्कम माणशी दररोज साधारण १६ ते २५ डॉलर आहे. चौघांचे कुटुंब सात रात्री फिरले तर किमान साडेचारशे डॉलर. बऱ्याच कंपन्यांत ही रक्कम काउंटरवर जाऊन काढून टाकता येते. काही प्रवासी ती काढतात आणि म्हणतात, आम्ही हातात देऊ. काही खरेच देतात. पण काही बोटींवर असा प्रवासी असेल तर ती रोकडही वेटरला सामायिक गल्ल्यात जमा करावी लागते.

मी स्वतः आधी लिफाफ्याच्या बाजूची होते. हातातून हातात जाणाऱ्या पैशात माणूस माणसाकडे बघतो, बिलातल्या ओळीत कोण कुणाकडे बघणार, असे माझे मत होते. ते बदलले ते त्या मुलाच्या वडिलांमुळे. बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, चादरी आणि टॉवेलांच्या ढिगात त्यांचे काम. एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशाने त्यांचा चेहरा पाहिलेला नाही. लिफाफ्याच्या काळात त्यांना काहीच मिळाले नसते, जसे रत्नागिरीच्या डेकवाल्याला मिळत नव्हते. बिलात रक्कम लागू झाली तेव्हा तिचा वाटा खाली लॉन्ड्रीपर्यंत उतरला. सख्ख्या दोघा भावांत यावरून वाद आहे. थोरले म्हणतात कंपनीने आमचे ग्राहक काढून घेतले. धाकटे म्हणतात, तुमच्या त्या लिफाफ्यात माझे नाव कधी नव्हते.

पण बिलात आली म्हणून बख्शीश उजरत होते का? २०११ मध्ये पी. अँड ओ.च्या 'आर्केडिया' बोटीवर अमेरिकेतल्या सिएटल बंदरात सुमारे दीडशे हिंदी कर्मचाऱ्यांनी पगारासाठी तासदीड तास शांतपणे निदर्शने केली. त्यांना नंतर पुढचे करार मिळाले नाहीत. २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत आले की कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांचा मूळ पगार तासाला ७५ पेन्स पडतो. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रौढ कामगाराचे किमान वेतन ६ पौंड ८ पेन्स होते. शिवाय टिपेच्या जागी येणारा बोनस प्रवाशांनी दिलेल्या गुणांशी जोडला जाणार होता. म्हणजे मर्जी गेली नाही, फक्त हातातून गुणपत्रिकेत गेली. आम्हा शिक्षकांना गुणपत्रिकेची ताकद चांगली ठाऊक आहे. २०१९ पासून मात्र त्याच पी. अँड ओ. क्रूझेसने वेगळी टिप घेणे बंद करून ती भाड्यातच धरली. प्रवाशापुरता प्रश्न मिटला.

कायद्याने काही सुधारले. खलाशांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे. आठवड्याला बहात्तर तास काम मात्र अजून त्या करारात बसते.

दोन दिवसांनी ती बाई आली. बरोबर थोरले दीरही आले. ते म्हणाले, "बख्शीश कुणी उत्पन्नात धरतं का मॅडम? आज आहे, उद्या नाही." त्यांचे चुकत नव्हते. त्यांच्या लिफाफ्याला कुठली पावती होती? पण या कागदावर दर महिन्याचा आकडा होता. तो बहात्तर तासांच्या आठवड्याचा मोबदला होता, आणि तो नसता तर त्या पगारावर कुणी बोटीवर गेलेच नसते. बाईने नवऱ्याला फोन लावला. बोट कुठल्यातरी बंदरात होती, आवाज तुटत होता. तो म्हणाला, "दोन्ही मिळून लिहा टीचर. ते माझ्या कामाचेच आहेत."

मी दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि त्या रकान्यात लिहिली. बेरीज मर्यादेच्या वर गेली. बाईने कराराचा कागद घडी घालून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि विचारले, "मग परीक्षेला बसवायचं नाही ना आता त्याला?" मी म्हटले, अभ्यास तर झालाय त्याचा.