लेप्टो आणि उंदीर

कर्जत-खालापूरच्या खाचरांत लावणीच्या दिवसांत माणसाच्या जिवावर जो लेप्टो बेततो, तो उंदीर सहज वागवतात. याचे एक कारण टीएलआर-४ या प्रतिकारशक्तीला वर्दी देणाऱ्या प्रथिनाच्या घडणीत आहे. २००७ व २००९ मध्ये स्फटिकांवरून उलगडलेले हे प्रथिन घोड्याच्या नालेसारखे वाकलेले दिसते. जोडीदार एमडी-२च्या पोकळीत जंतूच्या आवरणातील मेदाच्या शेपट्या शिरतात आणि फॉस्फेटांच्या आधाराने दोन नाला जुळतात. लेप्टोच्या जंतूच्या मेदात एक फॉस्फेट नाही, दुसरे मिथिलने झाकलेले. मानवी टीएलआर-४ ते ओळखत नाही, उंदराचे ओळखते. उंदराच्या बचावाला इतर कारणे असतील, हा आक्षेप रास्तच. पण टीएलआर-४ निकामी असलेले कोवळे उंदीर प्रयोगात याच जंतूने दगावले. माणसात टीएलआर-२ हे दुसरे वर्दी देणारे प्रथिन जंतूची मेदप्रथिने ओळखते, म्हणून आपण अगदीच बेसावध नसतो.